तिसऱ्या पिस्टनचा खरा रिपोर्ट

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'इंजिन मॅनेजमेंट कन्सल्टंट' असं छापलेलं होतं. उदारीकरणाची ती वर्षं. 'मॅनेजमेंट' या शब्दाला तेव्हा भलताच भाव होता. त्यामुळे दर मे महिन्यात तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत दोन-तीन पालक तरी मुलाची मार्कशीट घेऊन यायचे आणि विचारायचे, "राव सार, तुमच्याकडे सीटा किती?"

मी सांगायचो, "एकच. ड्रायव्हरच्या शेजारची. तिच्यावर मी बसतो."

कोणी हसत नसे. एक गृहस्थ तर म्हणाले, "मग वेटिंग लिस्टला नाव घाला."

माझा धंदा त्या सीटवर बसून चालायचा, हे खरंच होतं. मूळचा मी पॉलिटेक्निकमधला इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. संध्याकाळी घरी टीव्ही दुरुस्त करायचो. एके दिवशी कुमरेसन एक खोका घेऊन आला. तिरुवैयारूच्या रस्त्यावर त्याच्या वडिलांची राइस मिल होती आणि याला रॅलीत गाडी पळवायचं वेड. सिंगापूरच्या मामाने हा खोका सहा रेशमी साड्यांत गुंडाळून आणला होता. आत पुस्तकाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, वायरींचं जंजाळ आणि दोनशे पानांचं मॅन्युअल.

"इंजिनाचा कॉम्प्युटर आहे," कुमरेसन म्हणाला. "तुम्ही टीव्ही उघडता ना, सार? मग हेही बघा."

टीव्ही उघडणाऱ्याला इंजिन कळेल, हा त्याचा समज होता. मी तो खोडून काढला नाही. माझा स्वभावच तसा आहे, आणि या लेखातली सगळी भानगड त्याच स्वभावातून झाली आहे.

ज्यांनी गाडीचं बॉनेट कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाला दोनच गोष्टी ठरवाव्या लागतात. पेट्रोल किती घ्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची. कंपनीतून गाडी येते तेव्हा हे हिशेब कंपनीनेच जपून, भित्रेपणाने करून ठेवलेले असतात. ज्याला जास्त जोर हवा तो कंपनीची व्यवस्था काढून बाहेरचा कॉम्प्युटर बसवतो. हा कॉम्प्युटर कोरा असतो. त्यात सोळा आडव्या आणि सोळा उभ्या घरांचा एक तक्ता असतो. इंजिन किती फेऱ्यांवर आहे आणि पाय किती दाबला आहे, त्याप्रमाणे प्रत्येक घरात एकेक आकडा भरायचा. माझं काम म्हणजे गाडी पळत असताना मांडीवर लॅपटॉप घेऊन ही दोनशे छप्पन्न घरं भरणं. रस्ता डेल्टातला. सुगीच्या दिवसांत निम्म्या डांबरावर भात वाळत घातलेलं, उरलेल्या निम्म्यावर म्हशी. पाचव्या गिअरमधलं घर भरायला गेलो की म्हशी यायच्या. माझ्या सुरुवातीच्या तक्त्यांत वरची काही घरं नुसत्या अंदाजाने भरलेली आहेत, हेही या निमित्ताने कबूल करून टाकतो.

इंजिनं बांधायचा सवरिमुत्तू. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, शाळा आठवीपर्यंत. त्याची शेड मिलच्या मागेच होती. पिस्टनच्या रिंगा बसवताना तो त्यांच्या टोकांमधलं अंतर मोजायचा, वहीत लिहायचा, रिंग काढून पुन्हा बसवायचा आणि पुन्हा मोजायचा. मी त्याला सवरी म्हणायचो, अरे-तुरे करायचो. तो मला 'राव सार' म्हणायचा. त्याच्या धंद्याला हात लागतात आणि माझ्या धंद्याला डोकं लागतं, अशी मी मनातल्या मनात वाटणी करून टाकली होती.

डोक्याचा एक नमुना सांगतो. एका आयुधपूजेनंतर गाडी बिघडली. उभ्या जागी इंजिन वर-खाली होऊ लागलं, झोपेत घोरणाऱ्या माणसासारखं. मी तीन दिवस तक्त्यातले आकडे बदलत बसलो. ही 'अस्थिरता' कशी येते यावर कुमरेसनला फळ्यावर आकृत्या काढून व्याख्यान दिलं. चौथ्या दिवशी सवरीने एक कनेक्टर उपटून माझ्या नाकासमोर धरला. आत ओलं चंदन. पूजेच्या दिवशी हत्यारांना, यंत्रांना चंदन-कुंकू लावतात. सवरी ख्रिश्चन, पण त्याच्या शेडमध्येही पूजा व्हायची. आणि कॉम्प्युटरच्या वायरींच्या प्रत्येक जोडाला बोटाने चंदन लावणारा भक्त मीच होतो. घाईत एक जोड नीट लावला गेला नव्हता आणि त्याच्या आत चंदन गेलं होतं.

"सार, देवाने प्रसाद खाल्ला," सवरी म्हणाला, "पण जिरला नाही त्याला."

कुमरेसन पोट धरून हसला. मीही हसलो. पण त्या हसण्यानंतर सवरीच्या बोलण्याकडे मी जरा कमीच लक्ष देऊ लागलो.

आता कानाकडे येतो.

ठिणगी जितकी लवकर टाकावी तितका जोर वाढतो, पण एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे गेलं की पेट्रोल नीट जळण्याऐवजी आपण होऊन फुटतं. पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावेत तसा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. दोन-चार मिनिटं ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतो. म्हणून आकडा वाढवत न्यायचा, नॉकिंग ऐकू आलं की दोन अंश मागे यायचं. आज हे ऐकायला सेन्सर असतात. माझ्याकडे इंजिनाला बोल्टने आवळलेली तांब्याची नळी होती, तिला रबरी नळी आणि तिच्या टोकाला कानांवर बसणारे मफ.

आणि माझा कान! तंजावरात कानाचा अभिमान धरायला फार कर्तृत्व लागत नाही. माझी बायको पद्मा वीणा शिकवते. सकाळ-संध्याकाळ घरात मुली तारा जुळवत बसलेल्या. त्या गर्दीत राहून मलाही वाटू लागलं होतं की आपण श्रुतीचे जाणकार आहोत. "मी इंजिन श्रुतीत लावतो," असं मी कोइंबतूरच्या रॅलीवाल्यांना सांगायचो. 'कानवाले राव' हे नाव त्यांनी ठेवलं आणि मी ते पसरवलं.

त्याच सुमारास एका दुपारी मी घरच्या टीव्हीचा पत्रा काढत होतो. जुन्या टीव्हीतला ट्रान्सफॉर्मर चालू असला की बारीक शिट्टी वाजते. ती ऐकू आली नाही की आम्ही दुरुस्तीवाले समजायचो, हा मेला. मला ती ऐकू येत नव्हती.

स्वयंपाकघरातून पद्मा म्हणाली, "अहो, कसाला उघडता त्याला? शिट्टी येते की."

मी थांबलो. "येते?"

"कान फाटायला आला माझा."

टीव्हीत फक्त वायर निघाली होती. ती बसवली आणि मी विचार करत बसलो. मास्तर असल्यामुळे विचार आकड्यांतच आला. ही शिट्टी पंधरा हजार कंपनांच्या वरची. नॉकिंग सात हजारांच्या आसपास. वरचं गेलं म्हणून खालचं गेलं असं थोडंच आहे? हे तपासायला पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत यंत्र होतं. रोज मी त्याच्या शेजारी उभा राहून शिकवायचो. पाच मिनिटांचं काम. ते मी केलं नाही. उत्तर नको असलं की मास्तर लोक प्रश्न विचारत नाहीत.

त्यानंतर महिन्याभराने नवीन इंजिनाची चाचणी होती. सवरीने ते दोन महिने खपून बांधलं होतं. कुमरेसनला गाड्यांचा खर्च उचलणारा एक पुरस्कर्ता मिळायच्या बेतात होता आणि येती रॅली चांगली गेली तर तीन गाड्यांचा संघ होणार होता. तिन्हींची इंजिनं सवरीच बांधणार, असं कुमरेसनने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सवरीने शेडच्या मागची जागाही बघून ठेवली होती.

कुमरेसन चालवत होता, मी शेजारी लॅपटॉप आणि मफ घेऊन, सवरी मागे सीट काढलेल्या रिकाम्या पत्र्यावर उकिडवा बसलेला. मी आकडा वाढवत होतो. मफमध्ये गुरगुर होती, बाकी स्वच्छ. आणखी एक अंश. स्वच्छ.

मागून सवरी ओरडला, "सार, खडखड येते."

"व्हॉल्व्हचे टॅपेट वाजत असतील."

"टॅपेट मी लावलेत, सार. टॅपेट नाहीत ते."

"मग रस्त्यावरचं भात उडत असेल."

"रस्त्यावर भात कुठंय?" कुमरेसनने विचारलं. तो भाताच्याच धंद्यातला.

सवरी पुढे वाकला. "ते कानाला लावायचं एकदा द्या ना मला. एकदाच."

त्या क्षणी मी ते काढून त्याच्या हातात दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी म्हणालो, "सवरी, याला तयार कान लागतो. तू पाना धर." कुमरेसन हसला. मी आणखी एक अंश वाढवला, तक्ता साठवला आणि जाहीर केलं, "एकदम श्रुतीत."

रॅलीच्या दुसऱ्या सकाळी, एका चढावर, इंजिन बसलं. कुमरेसन सुखरूप होता, पण पुरस्कर्त्याचा माणूस तिथेच उभा होता. गाडी ट्रकवरून तंजावरला आली. सवरीने इंजिन खोललं आणि चारही पिस्टन वर्तमानपत्रावर मांडून तो हात धुवायला गेला. तिसऱ्या पिस्टनची रिंगेची कड तुटलेली, बाजूवर ओरखडे, आणि माथ्यावर बारीक खड्डेच खड्डे, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे. ते खड्डे म्हणजे नॉकिंगची सही असते. मॅन्युअलमध्ये त्याचा फोटोच होता.

बाहेर कुमरेसनची जीप वाजली. मी चारही पिस्टन उलटे ठेवले, माथे वर्तमानपत्राकडे करून.

कुमरेसन आला. "काय झालं, सार?"

तुटलेल्या कडेवर बोट ठेवून मी म्हणालो, "रिंगेची कड गेली. रिंगेच्या टोकांत अंतर कमी राहिलं की गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि असं होतं."

यातला प्रत्येक शब्द पुस्तकात खरा आहे. फक्त या पिस्टनबद्दल खरा नव्हता.

सवरी दारात उभा होता, हात पुसत. तो आत आला, तिसरा पिस्टन उचलून त्याने सुलटा केला, माथा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पिस्टन होता तसा उलटा ठेवून दिला.

कुमरेसन म्हणाला, "पुरस्कर्त्याला लेखी रिपोर्ट हवाय. इंग्रजीत."

"सार लिहितील," सवरी म्हणाला, आणि बाहेर गेला.

सारांनी लिहिलं. एक पान, टाइप केलेलं, फार छान इंग्रजी. 'जुळणीतील दोष' हा शब्दप्रयोग दोनदा. 'तक्ता' हा शब्द एकदाही नाही. संघ एकाच गाडीचा राहिला आणि कुमरेसनने पुढचं इंजिन कोइंबतूरला बांधायला दिलं. इंजिनवाल्यांचं जग छोटं असतं. वर्षभरात सवरीकडे रॅलीचं एकही काम उरलं नाही. मिलमागची शेड सोडून तो गावाबाहेरच्या दुसऱ्या शेडमध्ये शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. मला रस्त्यात दिसला की पहिल्यासारखाच हात वर करायचा. मी मात्र रस्ता बदलायला लागलो. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या त्यासाठी फार सोयीच्या आहेत.

मी पुढची दोन वर्षं 'कानवाले राव' म्हणून मिरवलो. फक्त प्रत्येक तक्त्यात गुपचूप चार अंश मागे राहू लागलो. माझ्या गाड्या मंद पळतात अशी कुरकूर सुरू झाली, तेव्हा मी तत्त्वासाठी धंदा सोडत असल्याचं सांगितलं. कोणतं तत्त्व, हे कोणी विचारलं नाही. बरं झालं, मी ते ठरवलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी पद्माच्या आग्रहाने तिरुच्चीला कान तपासले. डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. चार हजारांपर्यंत रेघ बरी चालते आणि मग विहिरीत उडी मारते. "हे आजचं नाही," त्या म्हणाल्या, "पंचवीस-तीस वर्षं जुनं असणार. आवाजाशी संबंधित काम नव्हतं ना तुमचं?" मी "मास्तर होतो" म्हणालो. कानात यंत्र बसवून घरी आलो. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल दोन पोती घेऊन चढ चढत होती, आणि मला स्पष्ट ऐकू आलं. डब्यातले खडे. मी तिथेच एका ओट्यावर बसलो. हा आवाज मी त्या दिवशी ऐकायला हवा होता.

इथवर लिहून झालं आणि मला हलकं वाटलं. सगळं कबूल केलं, संपादकांना पाठवायचं, झालं. मग पानं चाळताना लक्षात आलं की मी हे मराठीत लिहिलं आहे. बोलीत मराठी आमच्या घरात तीनशे वर्षं आहे, पण देवनागरी मी चाळिशीत शिकलो. आमच्या नात्यागोत्यात ती सरळ वाचणारी पाच-सहा माणसं निघतील. सवरीला खोटं ठरवलं ते इंग्रजीत, आणि खरं ठरवतोय ते मराठीत. दोन्ही भाषा त्याला येत नाहीत. इतकी सोयीची कबुली दुसरी शोधून सापडली नसती.

म्हणून पानं घेऊन सवरीच्या शेडवर गेलो. तो आता सत्तरीचा, पंपाच्या व्हॉल्व्हला पॉलिश करत होता. मी स्टुलावर बसलो आणि वाचता वाचता तमिळ करून सांगू लागलो. कनेक्टरमधल्या चंदनाला तो हसला. चाचणीचं वाचताना त्याचा हात थांबला.

"सार," तो म्हणाला, "बोट दोन ओळी खाली गेलं, तोंड नाही गेलं."

मी 'तू पाना धर' गाळलं होतं. मागे जाऊन वाचलं.

"हं. असंच म्हणाला होतात." तो पुन्हा व्हॉल्व्ह घासू लागला. "पुढे."

शेवटपर्यंत वाचलं. मग मी विचारलं, "तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही? आता हे काय नवीन, सार? मला ऐकायला कसंतरी होतं." मग घासता घासताच म्हणाला, "मी कशाला बोलू? पिस्टन तुम्ही पाहिला होता. पिस्टन पाहिलेला माणूस दुसरं काही लिहील असं वाटलं नाही मला. कोइंबतूरहून पुढच्या इंजिनाची पेटी न्यायला माणूस आला तेव्हा कळलं."

मी पानं गोळा करून त्यांची घडी घातली.

"आणि हे छापणार कुठे?"

"पुण्याला. मराठी अंकात."

"आम्ही चर्चमध्ये कबुली देतो," सवरी म्हणाला, "तेव्हा फादरना निदान तमिळ तरी येतं."

मग त्याने पंपाच्या बिलांचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. "यावर लिहा. तमिळमध्ये. कुमरेसनला. सवरिमुत्तूने रिंगा बरोबर बसवल्या होत्या, अंतर बरोबर होतं, चूक तक्त्यात होती. खाली सही. नेऊन द्या."

लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि 'चूक तक्त्यात होती' च्या पुढे मला 'तक्ता माझा होता' असं घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलवर गेलो. कुमरेसनला आता नातवंडं आहेत. त्याने कॉफी मागवली, पत्र वाचलं, चष्मा वर केला.

"कुठलं इंजिन, सार?"

मी सांगितलं. चढ सांगितला, पुरस्कर्ता सांगितला, वर्तमानपत्रावरचे पिस्टन सांगितले.

"असेल, असेल. किती इंजिनं गेली त्या काळात." आणि मग, "सवरिमुत्तू म्हणजे आपला पंपवाला ना? तो रॅलीची इंजिनं बांधायचा?"

पत्र टेबलावरच्या कागदांत गेलं. मी बाहेर पडलो आणि सवरीच्या शेडपर्यंत चालत गेलो. वाटेत एक वाक्य तयार होत होतं, 'कुमरेसनला फार वाईट वाटलं, तुझी माफी मागितली.' वाक्य चांगलं होतं. माझी वाक्यं चांगलीच असतात. शेडच्या दारात ते गिळून टाकलं.

"त्याला आठवत नाही, सवरी. इंजिनही नाही, आणि तू ते बांधलंस हेही नाही."

सवरीने व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून त्याची कड बघितली, पुसला, बाजूला ठेवला.

"पत्र त्याच्याकडेच राहिलं?"

"हो."

"परत आणा. त्याला नसेल आठवत. मला आठवतं. माझ्याकडे असू दे ते."

मी लगेच उठलो.

"बसा, सार, ऊन फार आहे. कॉफी घेऊन मग जा." त्याने दुसरा व्हॉल्व्ह हातात घेतला. "पण आजच आणा."